दवाखाना फुकट, मग जेवण का नाही? ३१ वर्षं कंट्रोलचं धान्य तपासलेल्या मामाचं उत्तर

परवा भाच्याचा पुण्याहून मेसेज आला. ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यांची वादावादी झाली म्हणे. एकजण म्हणाला सरकारी दवाखाना फुकट असतो तर साधं वरण-भात-पोळी पण फुकट का असू नये, दुसरा म्हणाला असं केलं तर लोक आळशी होतील आणि टॅक्स आपण भरायचा. शेवटी ह्याने मला विचारलं, मामा तुम्ही जन्मभर खाद्य खात्यात होता, तुम्हीच सांगा. मी इंदूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत ३१ वर्षं गोदामं आणि रेशन दुकानं तपासली, आपल्याकडे त्याला कंट्रोलच म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी चहाबरोबर चघळायचा नाही. उत्तर लांबलंय, पण सावकाश वाच.

सरळ सांगतो, हो, द्यावं. पण सरकारने घरोघरच्या चुली बंद करून सगळ्यांना शिजवून घालावं असं माझं म्हणणं नाही. धान्य, डाळ आणि तेल मागेल त्याला मिळावं, शिजवलेलं ताट जिथे लागतं तिथे मिळावं, आणि दोन्हीकडे दारात उभ्या माणसाला "तू गरीब आहेस का, कागद दाखव" असं कोणी विचारू नये. माझा सगळा जोर ह्या शेवटच्या गोष्टीवर आहे. सरकारी दवाखान्यात पर्ची काढली की डॉक्टर बघतो, तुझ्या घराला स्लॅब आहे की पत्रे ते विचारत नाही. कंट्रोलवर मात्र आधी तेच विचारतात.

आता तुझ्या मित्राची तुलना जिथे लंगडी पडते ते आधी सांगून टाकतो, कारण ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलणं बरोबर नाही. आजार सांगून येत नाही आणि आला की एका फटक्यात घर विकायला लावतो, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं हे दवाखान्याच्या बाबतीत पटतं. भूक तशी नाही, ती रोज ठरलेल्या वेळेला येते, आणि हाताला काम व कामाला दाम असेल तर माणूस आपलं आपण विकत घेऊन खातो, त्याला तेच आवडतं पण. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारने नुसतं धान्य वाटलं नाही, रस्ते, बंडिंग, पाझर तलाव अशी कामं काढली आणि मजुरी दिली, कामावर सुकडी म्हणजे तयार कोरडं खाणं वाटलं. तुझी आजी तेव्हा नगरकडे माहेरी होती, ती मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची, पण त्या कामांमुळे गाव उपाशी मेलं नाही हे पण तीच सांगायची. म्हणजे काम असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेल्या निम्म्याचं काय? लहान मूल कामावर जात नाही, बाळंतीण जात नाही, म्हातारा आणि आजारी माणूस जाऊ शकत नाही. आणि इथे जेवण आणि दवाखाना ह्या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत.

एक बघितलेलं सांगतो. इथल्याच एका मोठ्या सरकारी दवाखान्यात माझ्या एका सहकाऱ्याला अॅडमिट केलं होतं, मी रोज डबा घेऊन जायचो. शेजारच्या वॉर्डात एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन होती, बहुतेक धारकडची. भरती पेशंटला दवाखान्याचं जेवण फुकट असतं, चार पोळ्या, डाळ, भात, एक भाजी. मुलीच्या कागदावर डॉक्टरने भरपूर प्रोटीन द्या असं लिहिलेलं. ताट आलं की बाई आधी दोन पोळ्या बाजूला काढून पदरात घ्यायची, एक खाली बसलेल्या धाकट्या पोराला, एक स्वतःला, डाळ अर्धी अर्धी, आणि उरलेलं त्या आजारी पोरीला. सिस्टर बघायची आणि मान वळवायची, ती तरी काय करणार. म्हणजे आपण लाखभर रुपयाची ट्रीटमेंट फुकट करत होतो आणि त्या औषधाखाली पडायला जे अन्न लागतं ते तीन तोंडांत वाटलं जात होतं. मी तिसऱ्या दिवसापासून डब्यात सहा पोळ्या जास्त नेल्या, पण तो काही उपाय नव्हे.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात आलेल्या बाईला २०११पासून जेवण फुकट आहे, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असलेल्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवून आधी दूध आणि खाणंच सुरू करतात, औषधाइतकंच मोजून. टीबीच्या पेशंटला २०१८पासून खाण्यासाठी महिना ५०० रुपये खात्यात येत होते, नोव्हेंबर २०२४पासून ते १००० केले. आणि झारखंडात एक मोठा अभ्यास झाला, टीबीच्या पेशंटच्या घरातल्या बाकी लोकांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, वर जीवनसत्त्वांची गोळी. २०२३ मध्ये निकाल छापून आले. ज्या घरांना हे मिळालं तिथे नवीन टीबी जवळपास ३९ टक्क्यांनी कमी झाला. लस नाही, नवीन औषध नाही, डाळ-तांदूळ! माझ्यासारख्या गोदामात पोती मोजणाऱ्या माणसाने ते वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं, की आपण वाटत होतो ते औषधच होतं की.

आता सध्या किती मिळतं ते बघ. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने साधारण ८१ कोटी लोकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदयवाल्या, म्हणजे सगळ्यात गरीब, घराला ३५ किलो. आधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता, जानेवारी २०२३पासून तेही माफ, आणि जानेवारी २०२४पासून पाच वर्षं फुकटच ठेवायचं ठरलं, त्याला ११.८० लाख कोटींचा अंदाज धरला. आकडा ऐकून तुमच्या कँटीनमधल्या दुसऱ्या मित्राला घाम फुटेल, पण भागून बघ. माणशी वर्षाला साधारण २९०० रुपये, म्हणजे दिवसाला आठ रुपये. आणि ते पण सगळे खाणाऱ्याच्या खिशात जात नाहीत, त्यातला मोठा भाग शेतकऱ्याकडून हमीभावाने खरेदी करण्यात, बारदानात, हमालीत, ट्रकभाड्यात आणि गोदामात जातो. आपल्या माळव्यातला शेतकरी चैत्रात ट्रॉली घेऊन खरेदी केंद्रावर रात्र काढतो ना, त्याला मिळणारा भाव ह्याच आकड्यात आहे.

आणि ५ किलो म्हणजे काय, दिवसाला १६६ ग्रॅम. गव्हाचं धरलं तर साडेपाचशे-पावणेसहाशे कॅलरी. मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २७१० लागतात असं आपलीच राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, म्हणजे पाचवा हिस्सा. ह्यावर कोण आळशी होऊन बसेल सांग मला? पाचवा हिस्सा पोटात पडला तर माणूस उरलेले चार हिस्से कमवायला उठतो, उलट रिकाम्या पोटी सकाळी सातला मजूर चौकात जाऊन उभं राहता येत नाही. मी ३१ वर्षांत फुकट गव्हावर आळशी झालेलं एकही घर पाहिलं नाही. दारूवर झालेली पाहिली, ती गव्हामुळे नव्हती.

खरा घोळ यादीत आहे. १९९७च्या आधी कंट्रोल सगळ्यांना होतं, कार्ड असलं की झालं. मग सरकारने ठरवलं की फक्त गरिबांनाच स्वस्त द्यायचं आणि बीपीएल-एपीएल, म्हणजे गरिबीरेषेच्या खालचे आणि वरचे, असं सुरू झालं. कागदावर किती शहाणपणाचं वाटतं बघ, पैसे वाचतील, गरजूंना जास्त मिळेल. पण गरीब ओळखायचा कसा? आमच्या हातात फॉर्म दिले, घर पक्कं आहे का, पंखा आहे का, सायकल आहे का. इथल्याच एका बंद पडलेल्या कापड गिरणीतला कामगार मला आठवतो, परदेशीपुऱ्याच्या बाजूला राहायचा. गिरणी चालू असताना त्याने विटांचं घर बांधलेलं, छताला पंखा लावलेला. गिरणी बंद, देणी अडकलेली, बायको पापड लाटायची, तो स्वतः एका गोडाऊनवर रात्रपाळी करायचा तीही महिन्यातून पंधरा दिवस. फॉर्मात पंखा आला आणि घर पक्कं आलं, नाव कटलं. मी स्वतः टिक केलेला फॉर्म तो. नंतर एकदा रस्त्यात भेटला तर म्हणाला, "साहेब, पंखा विकून टाकू का?" मला काही बोलता आलं नाही. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो.

अशी नावं प्रत्येक यादीत कटतात. कधी समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीत, वय चुकलेलं, कधी सून माहेरच्या कार्डात अडकलेली, कधी ई-केवायसी राहिलेली म्हणून पात्रता पर्ची, म्हणजे धान्य मिळायची चिठ्ठी, निघत नाही. लसूण निवडणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायकांच्या बोटांवर रेघाच उरत नाहीत, मशीन अंगठा घेत नाही, सेल्समन म्हणतो मावशी उद्या या, उद्याची मजुरी गेली. आणि ८१ कोटींचा आकडा २०११च्या जनगणनेवर बसवलेला, त्यानंतर जन्मलेली मुलं आता शाळा संपवायला आली तरी जागा तेवढ्याच, म्हणजे नवं नाव घालायचं तर आधी जुनं कोणाचं तरी निघावं लागतं. चुकून श्रीमंताला ५ किलो गेले तर सरकारचे महिन्याला अडीचशे रुपये वाया जातात. चुकून गरिबाचं नाव कटलं तर त्या घरात काय होतं ते मी बघितलंय. ह्या दोन चुका एका तराजूत घालूच नयेत.

तू म्हणशील मामा, मग सगळेच घेतील, फ्लॅटवाले पण. नाही रे. तू उभा राहशील का लायनीत दोन तास, पिशवी घेऊन, त्या गव्हासाठी? घरी निवडून, वाळवून, गिरणीवर दळण नेशील? तुझ्या आईला लोकवनशिवाय दुसरा गहू चालत नाही. ज्याला गरज नाही तो आपोआप गळतो, त्याच्यासाठी इन्स्पेक्टर लागत नाही. आणि थोडे बरे घरचे आले तर ते मला हवेच आहेत! शाळेतले मास्तर, हवालदार, क्लार्क ज्या दुकानातून माल घेतात त्या दुकानात माप मारायला सेल्समन घाबरतो. हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे, ज्या कंट्रोलवर फक्त मोलमजुरीवाले यायचे तिथे दुकान महिन्यात तीन दिवस उघडायचं आणि काट्याखाली हमखास काहीतरी असायचं, एका ठिकाणी तर चुंबक निघालं. जिथे बोलणारी माणसं यायची तिथे बोर्डावर स्टॉक रोज लिहिलेला. तामिळनाडूने कंट्रोल सगळ्यांसाठीच ठेवलं, यादी चाळत बसले नाहीत, २०११पासून तांदूळ फुकटच देतात. छत्तीसगडने २००४पासून खासगी दुकानदारांकडून दुकानं काढून पंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांना दिली आणि पुढे बहुतेक घरांना कार्ड दिलं, तिथे फरक सगळ्यांना दिसला. गळती, म्हणजे वाटेतच गायब होणारं धान्य, खूप होती हे मी नाकारत नाही, केंद्राच्या शांता कुमार समितीने २०११-१२साठी ती ४६.७ टक्के धरली होती, त्या आकड्यावर वाद झाला पण निम्मा जरी खरा मानला तरी लाज वाटावी असाच आहे. पण गळतीवर उपाय म्हणून यादी अजून बारीक चाळणं म्हणजे गळक्या घागरीचं तोंड लहान करणं.

आता धान्याची मर्यादा. पोतंभर गहू दिला आणि चूल नसेल तर? झाबुआ-अलिराजपूरची माणसं इथे बांधकामावर येतात, साइटवरच पाल ठोकून राहतात. आता वन नेशन वन रेशनमुळे त्यांना इथे पण अंगठा लावून गहू मिळू शकतो, चांगलं झालं. पण गहू म्हणजे पोळी नाही. दळायला पैसे, तीन विटांची चूल, लाकूड शोधा, पाणी टँकरचं, आणि हे सगळं दिवसभर घमेली उचलून आल्यावर बाईनेच करायचं. तिला संध्याकाळी गरम ताट हवं, पोतं नाही. म्हणून शिजवलेल्या जेवणाची घरं लागतात, आणि ती कुठे लागतात हे आपल्याला ठाऊक आहे: दवाखान्याच्या गेटवर, बसस्टँडवर, मजूर चौकात. चेन्नईत २०१३ला अम्मा उणवगम सुरू झालं, एक रुपयाला इडली. आपल्याकडे दीनदयाल रसोई २०१७ला पाच रुपयांत सुरू झाली. तुमच्याकडे शिवभोजन जानेवारी २०२०ला, दहा रुपये थाळी. त्याआधी १९९५ची एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रं तुला आठवणार नाहीत, मला आठवतात, कल्पना सोन्यासारखी होती पण मोक्याच्या जागा ज्यांना मिळाल्या त्यातल्या कित्येकांनी पुढे तिथे भलतीच हॉटेलं थाटली. युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये सरकारी खानावळी होत्या, दोन हजारांच्या वर, कोणीही यावं, साहेब आणि हमाल एका बाकावर, कूपन लागायचं नाही. युद्ध संपल्यावर त्यांतल्या बऱ्याच बंद झाल्या आणि ५ जुलै १९४८ला सगळ्यांना फुकट दवाखाना सुरू केला. आपला अन्नाचा कायदा लागू धरला तो पण ५ जुलैच, २०१३. योगायोग आहे नुसता, पण मला ती तारीख आवडते.

अशा खानावळी मरतात कशाने तर बिलाने. बचत गटाच्या बायका पहाटे पाचला उठून दोनशे माणसांचं रांधतात आणि सरकारकडून पैसे तीन तीन महिन्यांनी येतात. पहिल्या महिन्यात घट्ट वरण, दुसऱ्यात पातळ, तिसऱ्यात पिवळं पाणी, आणि मग पेपरात फोटो की योजना फसली. किराणावाला किती उधार देणार? माझ्या हातात असतं तर पंधरा दिवसांत बिल नाही तर अधिकाऱ्याचा पगार पण नाही असा नियम केला असता, आणि हे मी स्वतः अधिकारी होतो तरी म्हणतोय.

दोन धोके पण सांगतो. एक, भाव एकदा गोठवला की तो हलवणं महाकठीण. इजिप्तमध्ये सरकारी भाकरी १९८८पासून पाच पियास्त्रला होती ती २०२४ला वीस झाली, त्याआधी १९७७ला भाव वाढवायचा प्रयत्न केला तेव्हा दंगली झालेल्या, त्या भीतीने सरकारांनी हातच लावला नाही. श्रीलंकेत १९५३ला तांदळाची सबसिडी काढली तर हरताळ झाला आणि पंतप्रधानांना जावं लागलं. त्यामुळे जे द्यायचं ते विचार करून, झेपेल तेवढंच, निवडणुकीच्या तोंडावर नाही. दुसरा धोका मला जास्त टोचतो. आपण पोट भरतो आणि अंग भरत नाही. २०१९-२१च्या पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. हे गव्हा-तांदळाने भरून निघणारं नाही, डाळ हवी, तेल हवं, दूध-अंडं हवं. आणि आपल्या मध्य प्रदेशात अंगणवाडीच्या ताटात अंडं द्यायचा प्रस्ताव २०१५ला नाकारला गेला. मी स्वतः अंडं खात नाही, आपल्या घरात चालत नाही हे तुला माहितीय, पण झाबुआच्या पोराच्या घरात चालतं, मग त्याच्या ताटाचा निर्णय माझ्या सोवळ्यावर का व्हावा? ज्याला नको त्याला केळं आणि दूध द्या. माझं चाललं तर माणशी दीड किलो डाळ आधी चालू करीन, झारखंडात दिली तेवढीच, आणि तूर महाग पडत असेल तर चणा द्या, माळव्यात चणा काय कमी पिकतो का.

टॅक्सचं विचारलंस ना, तर तुझ्या टॅक्समधून दवाखाना चालतो तेव्हा तुला वाईट वाटत नाही कारण उद्या तू पण तिथे जाऊ शकतोस असं कुठेतरी वाटतं. २०२०च्या एप्रिलमध्ये आठव, बायपासवरून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन चालत होती, आणि नोकरी गेलेल्या एका खासगी शाळेच्या मॅडम तोंडाला ओढणी बांधून माझ्याकडे आल्या होत्या, सर माझं कार्ड नाहीये पण थोडा आटा मिळेल का. त्या लायनीत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांना देण्यासाठी मला त्या दिवशी कुठलाच नियम सापडला नाही, शेजारच्या गुरुद्वाऱ्यातून आणून दिलं.

दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस लवकर ऊठ. सकाळी सातला मजूर चौक, मग तिथून कंट्रोल, महिन्याचं वाटप चालू असेल तर बरंच, आणि अकराला दवाखान्याच्या गेटजवळची पाच रुपयांची थाळी, ती तू पण खा, लायनीत उभा राहून. पोहे-जलेबी दुसऱ्या दिवशी.